रिपीट लावला की डिझाइनमध्ये भांग का पडतो, आणि तो कसा काढायचा

टेक्स्टाइल डिझाइन शिकणारी मुलं माझ्याकडे जी कामं घेऊन येतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. चित्र सुरेख जमलेलं असतं. बागेत बसून काढलेली जास्वंद, बाजारातून आणलेल्या शेवग्याच्या शेंगा, पावसात गच्चीवर उगवलेलं नेचं. रेषेत जीव असतो. पण त्याचा तुकडा, म्हणजे टाइल, करून ती शेजारी शेजारी मांडली, म्हणजेच रिपीट लावला, की कापडभर काहीतरी खटकायला लागतं, आणि नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. मग रंग बदलले जातात, आकार लहानमोठा होतो, सबमिशनची तारीख जवळ येते.

हा दोष काढता काढता तपासण्यांचा एक क्रम ठरून गेला आहे, तोच इथे देते. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, वेळ खाणारं शेवटी. क्रम शक्यतो मोडू नका. मुलं बहुधा सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतात आणि दोष मात्र कागदावर असतो.

लक्षणं

सर्वांत जास्त दिसणारं लक्षण असं: एक टाइल पाहिली तर छान, पण तीन बाय तीन मांडल्या की रिकाम्या जागा एकमेकींना मिळून सरळ वाट तयार होते. केसांत भांग पडावा तशी ती कापडभर धावते. कधी उभी, कधी आडवी, हाफ ड्रॉपमध्ये (शेजारची उभी रांग अर्ध्या टाइलने खाली सरकवलेल्या मांडणीत) तिरकी. पुढे मी याला भांगच म्हणणार आहे.

दुसरं, एकच मोटिफ (डिझाइनमधला फूल-पानासारखा एक आकार) डोळ्यात भरतो. बाकी सगळं मागे सरतं आणि ते एक फूल शाळेच्या प्रार्थनेसारखं रांगेत उभं राहतं.

तिसरं, जोडावर देठ तुटतो, किंवा पान एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होतं.

चौथं, जोडावर बारीक पांढरी रेघ दिसते. पाचवं, टाइलच्या एका कडेला ग्राउंड (मोटिफच्या मागची जागा) गडद आणि समोरच्या कडेला फिकट असतं, त्यामुळे कापडावर चौकटी उमटतात.

या पाचही गोष्टींना मुलं ‘रिपीट बसत नाही’ एवढंच म्हणतात. तुमचं लक्षण यांतलं कोणतं, ते आधी एका वाक्यात वहीत लिहा. लिहिताना डोळा आपोआप नेमक्या जागी जातो.

रेघ खरी आहे का

लक्षण चौथं असेल तर इथूनच सुरुवात. स्क्रीनवर झूम वाढवून बघा. रेघ झूमबरोबर जाड होत गेली तर ती फाइलमध्ये आहे. झूम कितीही केला तरी तेवढीच बारीक राहिली, किंवा मध्येच नाहीशी झाली, तर ती बहुधा फक्त स्क्रीनवर आहे. इलस्ट्रेटरमध्ये दोन आकार कडेला कडा लावून ठेवले की स्क्रीन त्या कडा मऊ करून दाखवते आणि मधून मागचा पांढरा रंग झिरपतो. अशा रेघेपायी अख्खं डिझाइन पुन्हा जोडत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

एक धोका मात्र खरा आहे. अनेक टाइल मांडलेली फाइल तशीच पिक्सेलमध्ये उतरवली तर ती स्क्रीनवरची रेघ फाइलमध्ये कायमची छापली जाऊ शकते. म्हणून एकच टाइल, पूर्ण पिक्सेलच्या मापाची, बाहेर काढा आणि ती फोटोशॉपमध्ये पसरवून बघा.

भिंतीवर लावा आणि मागे सरका

नऊ टाइल एका ए-फोर कागदावर मावतील इतक्या लहान करा आणि काळीपांढरी प्रिंट काढा. झेरॉक्सच्या दुकानात दोन-चार रुपयांचं काम. ती भिंतीला चिकटवा, आठ-दहा फूट मागे जा, डोळे किलकिले करून बघा. मग कागद उलटा करून बघा, आडवा करून बघा.

नऊच का? चार टाइलमध्ये कोपऱ्यांची गाठ एकाच ठिकाणी पडते, आणि एका ठिपक्याची ओळ होत नाही. हाफ ड्रॉपमधला तिरका भांग तर तीन रांगा असल्याशिवाय कळतच नाही. काळीपांढरी का? रंग फसवतात. लाल फूल आणि हिरवं पान वेगळी वाटतात, पण दोघांचा गडदपणा सारखा असेल तर दुरून त्यांचा एकच पट्टा होतो. आणि मागे का सरायचं? जवळून डोळा तुमच्या रेषेचा माग काढत राहतो, रेष चांगली असली की खूश होतो. कापड मात्र माणसाच्या अंगावर, पलंगावर, पडद्यावर दुरूनच दिसणार आहे.

उलटा कागद विशेष कामाचा. सरळ धरल्यावर तुम्हाला जास्वंद दिसते; उलटा धरल्यावर नुसते ठोकळे आणि पोकळ्या दिसतात.

रिकामी जागा रंगवा

या तपासणीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा.

त्याच प्रिंटवर बटर पेपर ठेवा आणि मार्करने फक्त ग्राउंड रंगवा. फुलं, पानं, देठ सगळं कोरं सोडायचं. पंधरा-वीस मिनिटांत दुसरंच चित्र तयार होतं: तुमच्या पोकळ्यांचं. आता त्यावर पट्टी ठेवा. एका टाइलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाही मोटिफला न टेकता पट्टी बसत असेल तर तो भांग. कुठे एक पोकळी बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठी असेल तर तिथे दुरून भोक दिसणार, आणि दर रिपीटला दिसणार.

यावर सगळ्यांचा पहिला उपाय म्हणजे पोकळीत काहीतरी टाकणं. एक कळी, तीन ठिपके, एक सुटं पान. कृपा करून हे करू नका. भांग सरळ होता, म्हणून त्यात टाकलेले ठिपकेही सरळ रांगेत बसतात, आणि रिकाम्या रेघेच्या जागी ठिपक्यांची रेघ येते. शिवाय ते भरताड असल्याचं लगेच कळतं, कारण त्याचा बाकीच्या वाढीशी संबंध नसतो.

त्याऐवजी शेजारी जे आहे तेच वाटेत आणा. देठ थोडा लांबवून वाटेच्या पलीकडे न्या. पान फिरवून त्याचं टोक पोकळीत घुसवा. कळी अर्धी आत सरकवा. वाट निदान दोन जागी अडली पाहिजे, आणि त्या दोन जागा टाइलच्या बरोबर मध्यावर नकोत, नाहीतर अडथळ्यांचीच नवी ओळ होते. जे हलवाल ते झाडाला शोभेल असं हलवा. शेवग्याची शेंग लोंबते, ती आडवी करून पोकळी भरली की डिझाइन भरतं पण शेंग मरते. अशा वेळी शेंग तिथेच ठेवा आणि पानांची डहाळी हलवा.

कडा आणि कोपरे

स्केचबुकातलं चित्र आपण चित्र म्हणून रचतो. वजन मधोमध, चारही बाजूंना मोकळा श्वास, कोपरे रिकामे. चित्रासाठी ते बरोबरच आहे. पण टाइल झाल्यावर चार रिकामे कोपरे एका जागी येतात आणि त्यांचं एक मोठं भोक होतं; चार समासांची जाळी होते. लक्षण पहिलं असलेल्या कामांत मूळ कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

उपाय जुना आणि कागदी आहे. चित्राची प्रत घ्या, मूळ चित्राला हात लावू नका. मागे पेन्सिलने चार भागांना आकडे घाला. उभं कापा, डावा-उजवा तुकडा अदलाबदल करा, मागून चिकटपट्टी लावा. मग आडवं कापा, वरखाली अदलाबदल करा. आता मूळचे चारही कोपरे मध्यभागी आले, आणि बाहेरच्या कडा आपसूक एकमेकींशी जुळणाऱ्या झाल्या, कारण त्या एकाच कापाच्या दोन बाजू आहेत. मध्ये जे मोकळं मैदान दिसेल तिथे चित्र वाढवा. फक्त बाहेरच्या कडेला आता स्पर्श करायचा नाही.

काप सरळच हवा असंही नाही. फुलाच्या तोंडावरून कात्री नेण्यापेक्षा पोकळ्यांतून वळत वळत जा. दोन्ही बाजू एकाच कापाच्या असल्यामुळे त्या जुळतातच, आणि मोटिफ अखंड राहतो.

हेच काम फोटोशॉपमध्ये फिल्टरमधल्या ‘ऑफसेट’ने होतं: रुंदी आणि उंचीचा निम्मा आकडा द्या आणि ‘रॅप अराउंड’ निवडा. क्रिटा फुकट आहे आणि त्यात डब्ल्यू ही कळ दाबली की कॅनव्हास चारही बाजूंना पसरतो, तुम्ही एका कडेबाहेर काढलेली रेष दुसऱ्या कडेतून आत येते. ज्यांच्याकडे महागडं सॉफ्टवेअर नाही त्यांनी हे जरूर वापरावं. तरीही एकदा तरी कात्रीने करा, कारण कात्रीने केल्यावर कडा ही गोष्ट हाताला कळते.

पावसाळ्यात एक वेगळाच त्रास होतो. दमट हवेत कागद फुगतो, आणि तोही सगळीकडे सारखा फुगत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. मुंबई-कोकणात जुलैमध्ये सोमवारी कापलेला तुकडा शुक्रवारी जुळत नाही, देठ जोडावर जरासा सरकलेला दिसतो. लक्षण तिसरं आणि महिना पावसाळी, असं असेल तर स्वतःच्या हातावर शंका घेण्याआधी कागदावर घ्या. सगळे तुकडे एकाच बैठकीत कापा, जोडा आणि स्कॅन करा. शेवटचं ट्रेसिंग पॉलिएस्टर फिल्मवर केलं तर हा प्रश्नच उरत नाही.

आकडे

रोटरी स्क्रीन छपाईत, म्हणजे फिरत्या नळकांड्यासारख्या स्क्रीनने होणाऱ्या छपाईत, सर्वांत रुळलेला घेर ६४ सेंटिमीटर. रिपीटची उंची त्यात पूर्ण वेळा बसावी लागते: ६४, ३२, २१.३३, १६, १२.८. तुमची टाइल ३० सेंटिमीटर उंच असेल तर ती कितीही सुंदर असली तरी त्या स्क्रीनवर बसणार नाही, आणि मग घाईत ताणून ३२ केली की गोल फुलं लांबट होतात. म्हणून उंची आधी ठरवा, चित्र नंतर जोडा. डिजिटल छपाईला हे बंधन नाही.

दुसरा आकडा बारीक आहे पण तोच बारीक रेघ देतो. ६४ सेंटिमीटर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ७,५५९ पिक्सेल भरतात. हा विषम आकडा. हाफ ड्रॉपसाठी त्याचा निम्मा ३,७७९.५ होतो आणि अर्धा पिक्सेल नावाची वस्तू नसते. सॉफ्टवेअर मग कड मऊ करतं किंवा एक पिक्सेल सोडतं, आणि जोडावर रेघ दिसते. ७,५६० घ्या. त्याला २, ३, ४, ५, ६ सगळ्यांनी भाग जातो, फरक एक दशांश मिलिमीटरही पडत नाही, आणि छपाई युनिट आपल्या स्क्रीनच्या घेरानुसार शेवटचं माप करून घेतंच.

फोटोशॉपचा पॅटर्न सरळच पसरतो. हाफ ड्रॉप हवा असेल तर दोन उभ्या रांगा रुंद आणि एक रिपीट उंच अशी टाइल तयार करावी लागते. इलस्ट्रेटरमध्ये हाफ ड्रॉपला ‘ब्रिक बाय कॉलम’ म्हणतात. ‘ब्रिक बाय रो’ निवडलंत तर विटांसारखी आडवी सरक मिळते. जोडावर देठ पार भलतीकडेच जात असेल तर हे नाव एकदा तपासा.

मांडणीचा प्रकार बदलून पाहा

इथवर सगळं ठीक असूनही ओळी दिसत असतील तर मांडणीकडे वळा. सरळ रिपीट आडव्या-उभ्या ओळी दाखवतो. हाफ ड्रॉप त्या मोडतो आणि डोळ्याला रिपीट मोठा वाटायला लावतो, म्हणून मुलं त्याला रामबाण समजतात. तो रामबाण नाही, कारण त्याला स्वतःचा तिरकस कल असतो. टाइल चौरस असेल तर शेजारचा मोटिफ साधारण २७ अंशांवर येतो. उंची रुंदीच्या दुप्पट असेल तर ४५ अंशांवर. तुमचे देठ नेमके त्याच कोनात झुकलेले असले की कापडावर तिरके पट्टे उठतात. अशा वेळी टाइलचं प्रमाण बदला किंवा निम्मे देठ उलट दिशेला झुकवा.

लहान बुट्ट्या विखुरलेल्या दिसायला हव्या असतील तर मला पाच ठिपक्यांची मांडणी सर्वांत आवडते. पाच बाय पाच घरं आखा. पहिल्या ओळीत पहिलं घर, दुसरीत तिसरं, तिसरीत पाचवं, चौथीत दुसरं, पाचवीत चौथं. दर आडव्या ओळीत एक, दर उभ्या रांगेत एक, आणि कोपऱ्याला कोपरा लावून कोणीच नाही. ही रचना मागावरच्या पाच धाग्यांच्या साटिन विणीतून आली आहे. पाचही बुट्ट्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना ठेवलीत तर रांग शोधूनही सापडत नाही.

लक्षण दुसरं, म्हणजे एकच मोटिफ डोळ्यात भरणं, याला मांडणीपेक्षा वजनाचा उपाय लागतो. टाइलमध्ये एकच मोठं, एकच गडद फूल असेल तर ते रांगेत दिसणारच. त्याच वजनाचे आणखी एक-दोन मोटिफ हवेत, वेगळ्या बाजूने पाहिलेले. म्हणजे परत झाडाकडे जाऊन जास्वंद मागून काढा, मिटलेली काढा. तेच फूल आरशात उलटवून चालत नाही, डोळा ते लगेच ओळखतो.

मात्र रांग म्हणजे दोषच असं समजू नका. पैठणीच्या अंगावर बुट्ट्या ठरलेल्या अंतरावर येतात आणि तीच तिची शान आहे. रांग हवी असेल तर ती ठामपणे दाखवा, अंतर काटेकोर ठेवा. नको असेल तर पूर्ण मोडा. अर्धवट दिसणारी रांग तेवढी चूक वाटते.

ग्राउंड

लक्षण पाचवं असेल तर कागद ९० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. गडद पट्टा कागदाबरोबर फिरला तर तो तुमच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, आहे. स्कॅनरच्या त्याच बाजूला राहिला तर तो स्कॅनरचा. बहुधा स्केचबुकाच्या शिवणीपाशी कागद काचेवरून उचलला गेलेला असतो. पान सुटं करा, वर जाड पुस्तक ठेवा. वॉशमध्येच फरक असेल तर ग्राउंड वेगळ्या कागदावर रंगवून वेगळ्या लेयरवर ठेवा. एकाच कागदावरचा वॉश चारही कडांना सारखा आणण्यात दिवस जातात.

परत चित्राकडे

एवढं करूनही कापड निर्जीव वाटत असेल तर सर्वांत अवघड तपासणी उरते. हे चित्र आहे तसं रिपीटसाठी काढलेलंच नाही का? काही चित्रांचं सौंदर्य त्यांच्या एकट्या असण्यात असतं. अशा चित्राला टाइलमध्ये कोंबू नका. त्यातली वाढीची रीत तेवढी घ्या: पान देठाला कुठे फुटतं, शेंग कुठून लोंबते. नव्या कागदावर आधी नुसत्या वळणदार रेषांचा जाल, म्हणजे जाळं, आखा, तो रिपीटमध्ये बसवा, भिंतीवर लावून बघा, आणि तो ओळी दाखवत नाही अशी खात्री झाल्यावर त्यावर पानंफुलं चढवा. आठवडा जाऊ शकतो. पण जाल बसला असेल तर वर काढलेली फुलं सहसा त्रास देत नाहीत.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

कापडावर रेघ दिसते पण कागदी प्रिंटवर दिसत नाही, असं असेल तर पट्टी घेऊन दोन रेघांमधलं अंतर मोजा. ते रिपीटच्या उंचीइतकं असेल तर दोष फाइलमध्ये असण्याची शक्यता आहे, वरच्या तपासण्या पुन्हा करा. तुमचा रिपीट ३२ सेंटिमीटरचा आणि डाग मात्र दर ६४ वर येत असेल तर तो स्क्रीनचा डाग आहे. डिजिटल कापडावर पन्हाभर आडव्या बारीक रेघा जवळजवळ येत असतील तर ते मशीनचं हेड किंवा कापड पुढे सरकवण्याची गती. टेबलावरच्या सपाट स्क्रीनच्या जोडावर रंग दुहेरी बसून गडद पट्टी आली तर तो स्क्रीन बसवण्याचा प्रश्न. यांतलं काहीही तुम्ही डिझाइन बदलून दुरुस्त करू शकत नाही, आणि करायचा प्रयत्न केलात तर चांगली फाइल बिघडेल. छपाई करणाऱ्या मास्टरना कापड दाखवा.

रंगांचं सेपरेशन (छपाईसाठी दर रंग वेगळा काढणं) आणि एका रंगाची दुसऱ्यावर किती चढ ठेवायची, हेही सेपरेशन करणाऱ्यावर सोडा. कापड, शाई आणि मशीनप्रमाणे ते बदलतं. लाकडी ठशासाठी डिझाइन देत असाल तर कोरण्याआधी कारागिराशी बसा. रेख (बाह्यरेषा), गद (ग्राउंड) आणि दत्ता (आतला भराव) हे ठसे वेगवेगळे कोरले जातात, जोडाची खूण कोपऱ्यात कुठे घ्यायची हे त्यालाच कळतं, आणि एकदा लाकूड कोरलं की कड बदलता येत नाही. जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर विणायच्या डिझाइनसाठी, तर चित्र जोडण्याआधीच विचारा: धागे उचलणारे ४०० हूक आणि इंचाला ८० धागे असतील तर तुमचा रिपीट ५ इंच रुंद, ना कमी ना जास्त. पुढचा ग्राफ, म्हणजे विणीचा चौकटींचा आराखडा, ग्राफवाल्याचा.

जाताना सोबत तीन गोष्टी न्या: एकच टाइल असलेली फाइल, नऊ टाइलची कागदी प्रिंट, आणि एका चिठ्ठीवर रिपीटचं माप, हाफ ड्रॉप की सरळ, किती रंग. बिघडलेलं कापड असेल तर तेही, निदान दोन रिपीट दिसतील इतकं लांब. हातरुमालाएवढ्या तुकड्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.